विश्लेषण : अर्ध्या सेकंदाच्या उशिरामुळे वाचले जगभरातील सर्व्हर! ओपन सोर्स प्रकल्पांत कोड कोण तपासतो, नियम कोण ठरवतो?

आपल्या हातातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्स आहे. बँकांचे सर्व्हर, तिकीट आरक्षणाची संकेतस्थळे, रुग्णालयांतील यंत्रणा यांच्या मुळाशीही असंख्य ओपन सोर्स घटक आहेत. यातील बराचसा कोड एकमेकांना कधीही न भेटलेल्या लोकांनी लिहिलेला असतो. मग अनोळखी माणसाने पाठवलेला कोड स्वीकारायचा की नाही, हे कोण ठरवते? त्याचे नियम काय असतात? आणि ते कमी पडले तर काय होते?

एक्सझेड प्रकरणात नेमके काय घडले?

२९ मार्च २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टमधील अभियंते आणि पोस्टग्रेस या डेटाबेस प्रकल्पाचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक इशारा जाहीर केला. आपल्या संगणकावर चाचण्या घेताना दूरस्थ लॉगिनसाठी वापरल्या जाणाऱ्या एसएसएच सेवेला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले होते. या उशिराचा माग काढत ते ‘एक्सझेड युटिल्स’ या फाइल लहान करणाऱ्या, म्हणजे कॉम्प्रेशनच्या साधनापर्यंत पोहोचले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा दडवलेला होता. विशिष्ट गुप्त किल्ली ज्याच्याकडे असेल, त्याला बाधित सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालवता आल्या असत्या. या त्रुटीला धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण मिळाले.

या आवृत्त्या तोवर डेबियन, फेडोरा, ओपनसुसे यांच्या चाचणीच्या किंवा सतत अद्ययावत होणाऱ्या आवृत्त्यांपर्यंतच पोहोचल्या होत्या. आणखी काही महिने हा प्रकार लक्षात आला नसता, तर तो जगभरातील सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या स्थिर आवृत्त्यांत गेला असता.

चोरदरवाजा बसवणारा आत आलाच कसा?

कुलूप तोडून कोणी आत शिरले नव्हते. त्याच्या हाती रीतसर किल्ली देण्यात आली होती. ‘जिया टॅन’ या नावाच्या खात्यावरून २०२१ पासून एक्सझेड प्रकल्पाला छोटे-मोठे उपयुक्त बदल पाठवले जात होते. हा प्रकल्प अनेक वर्षे प्रामुख्याने एकच व्यक्ती, तीही विनावेतन, सांभाळत होती. २०२२ मध्ये अन्य काही खात्यांवरून या मूळ मेंटेनरवर दबाव येऊ लागला. काम संथ चालले आहे, बदल पडून आहेत, दुसऱ्या कुणाला तरी जबाबदारी द्या, असा त्यांचा सूर होता. या खात्यांचा पुढे-मागे कुठलाच माग आढळत नसल्याने तीही त्याच कटाचा भाग असावीत, असे मानले जाते. हळूहळू ‘जिया टॅन’ला कोड थेट जोडण्याचा आणि पुढे नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचाही अधिकार मिळाला.

म्हणजे दोन-अडीच वर्षे विश्वास कमावण्यात घालवली गेली आणि मग त्याच विश्वासाचा वापर झाला. त्यामुळेच या प्रकरणाकडे तांत्रिक त्रुटी म्हणून न पाहता नियम आणि अधिकारवाटपाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते.

ओपन सोर्स म्हणजे कोणीही कोड बदलू शकतो का?

हा सर्वात मोठा गैरसमज. ओपन सोर्स परवान्यामुळे कोणालाही कोड वाचता येतो, त्याची प्रत घेता येते, त्या प्रतीत हवे ते बदल करून ती वापरता आणि वाटताही येते. पण मूळ प्रकल्पात बदल करण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. मूळ भांडाराची, म्हणजे रिपॉझिटरीची किल्ली मोजक्या लोकांकडे असते. त्यांना मेंटेनर म्हणतात. बाहेरचा माणूस आपला बदल फक्त प्रस्ताव म्हणून पाठवू शकतो. गिटहबसारख्या मंचावर या प्रस्तावाला ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात, तर ईमेलवर चालणाऱ्या प्रकल्पांत ‘पॅच’.

प्रस्ताव आला की तो वाचणे, प्रश्न विचारणे, दुरुस्त्या सुचवणे आणि शेवटी स्वीकारणे किंवा नाकारणे, या प्रक्रियेला कोड रिव्ह्यू म्हणतात. आणि प्रस्ताव कसा पाठवावा, कोण तपासेल, किती जणांची मान्यता लागेल, मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कुणाचा, हे सांगणारे नियम म्हणजे त्या प्रकल्पाची योगदानाची नियमावली. बहुतेक प्रकल्पांत ती ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ नावाच्या फाइलमध्ये असते. गिटहबवर नवी पुल रिक्वेस्ट उघडताना तिचा दुवा समोर दिसतो. ती न वाचताच पुढे जाणाऱ्यांची संख्या मात्र कमी नाही.

तपासणीत नेमके काय पाहिले जाते?

कोडची पद्धतशीर तपासणी ही कल्पना ओपन सोर्सच्या लाटेआधीची. आयबीएममधील मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात औपचारिक तपासणीची पद्धत मांडली होती. त्या वेळी माणसे एका खोलीत बसून छापील कोड ओळीने वाचत. आजची पद्धत हलकीफुलकी असली तरी तत्त्व तेच आहे. लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली चूक दुसऱ्याला दिसते.

अनुभवी तपासनीस आधी मोठे प्रश्न विचारतो. हा बदल हवाच का? आज तो घेतला तर पुढची दहा वर्षे त्याची देखभाल कोण करणार? जुन्या वापरकर्त्यांचे काही बिघडणार नाही ना? त्यानंतर रचना, मग अचूकता आणि सुरक्षितता, मग चाचण्या. जागा किती सोडल्या, कंस कुठे दिला, असल्या गोष्टी सर्वात शेवटी येतात, किंबहुना त्या माणसाने पाहूच नयेत. ते काम यंत्राचे. म्हणूनच बऱ्याच प्रकल्पांत प्रस्ताव आल्याबरोबर चाचण्या आणि मांडणीची तपासणी आपोआप होते, आणि ती पार पडल्यावरच माणूस त्याला हात लावतो.

आणखी एक मुद्दा आकाराचा. सिस्को कंपनीतील तपासण्यांच्या एका बहुचर्चित अभ्यासातून, एका बैठकीत २०० ते ४०० ओळींपेक्षा जास्त कोड तपासायला घेतला की चुका सापडण्याचे प्रमाण घसरते, असा निष्कर्ष निघाला होता. त्यामुळे ‘एका प्रस्तावात एकच बदल’ हा नियम जवळपास सगळीकडे आढळतो. तीन हजार ओळींचा प्रस्ताव कोणी नीट वाचत नाही. त्यावर ‘ठीक दिसते’ असा शेरा मारून लोक मोकळे होतात, आणि धोका तिथेच असतो.

एक्सझेड प्रकरणात नंतर सापडलेली एक गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. फेब्रुवारी २०२४ मधील एका बदलात कोडच्या मध्येच एक साधे टिंब घातलेले होते. त्या एका टिंबामुळे संगणक दर वेळी ‘ही सुरक्षा सुविधा उपलब्ध नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढून ती बंदच ठेवत असे. डोळ्यांनी वाचताना ते टिंब सहज निसटते.

लिनक्समध्ये नियम कसे चालतात?

लिनक्स कर्नल हा जगातील सर्वात मोठ्या सहकारी प्रकल्पांपैकी एक. त्यात तीन कोटींहून अधिक ओळींचा कोड आहे. साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. एकट्या लिनस टॉरवल्ड्स यांनी हे सगळे वाचणे अशक्यच.

म्हणून कर्नलची विभागणी उपविभागांत केलेली आहे. कोणत्या फाइलची जबाबदारी कुणाकडे, हे ‘मेंटेनर्स’ नावाच्या यादीत लिहिलेले असते. पॅच आजही ईमेलने जातो. आधी त्या भागाचा मेंटेनर तो तपासतो, मग तो वरच्या मेंटेनरकडे जातो आणि शेवटी टॉरवल्ड्स यांच्याकडे. नवे बदल स्वीकारण्याची खिडकी साधारण दोन आठवडेच उघडी असते. त्यानंतर फक्त दुरुस्त्या. आणि एक नियम जवळपास अटळ मानला जातो: कर्नलमधील बदलामुळे आधी चालत असलेला प्रोग्राम बंद पडता कामा नये.

प्रत्येक बदलाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ असते. तिच्यामागे न्यायालयीन लढाईचा इतिहास आहे. मार्च २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला आणि आपल्या मालकीचा कोड लिनक्समध्ये घुसवल्याचा आरोप केला. कोणती ओळ कुणी, कुठून आणली, हे दाखवण्याची गरज त्यातून ठळक झाली. २००४ मध्ये टॉरवल्ड्स यांनी नवी पद्धत आणली. ‘हा कोड देण्याचा मला अधिकार आहे’ असे प्रत्येक योगदानकर्त्याने आपल्या नावानिशी लिहून द्यायचे. कोणी तपासला, कोणी चालवून पाहिला, याच्याही वेगळ्या ओळी त्याखाली जोडल्या जातात. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या बदलाची जबाबदारी कुणाची होती, हे आजही शोधता येते.

नियम फक्त कोडपुरते नसतात, वागणुकीचेही असतात. तिखट भाषेसाठी प्रसिद्ध असलेल्या टॉरवल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या वर्तनाबद्दल माफी मागून काही काळ सुट्टी घेतली. त्याच सुमारास कर्नल प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. टीका कोडवर करावी, माणसावर नको, हा त्यातील गाभा. अपमान सहन करावा लागतो म्हणून चांगले लोक सोडून गेले, तर तपासणारे डोळेच कमी होतात, हा त्यामागचा व्यावहारिक विचार.

इतर मोठ्या प्रकल्पांत निर्णय कसे होतात?

१९९९ मध्ये स्थापन झालेल्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनची पद्धत मतदानाची आहे. ‘अधिक एक’ म्हणजे पाठिंबा, ‘शून्य’ म्हणजे तटस्थ, ‘वजा एक’ म्हणजे विरोध. कोडमधील बदलाबाबत मताधिकार असलेल्या सदस्याचे एकच ‘वजा एक’ मत नकाराधिकार ठरू शकते, पण त्याला तांत्रिक कारण द्यावे लागते. ‘मला आवडले नाही’ चालत नाही. साध्या बाबींसाठी ‘मौन म्हणजे संमती’ असे तत्त्व आहे. सदस्य जगाच्या वेगवेगळ्या टाइम झोनमध्ये असल्याने साधारणपणे ७२ तास वाट पाहिली जाते. नवी आवृत्ती प्रसिद्ध करायची तर किमान तीन ‘अधिक एक’ मते हवीत आणि विरोधी मतांपेक्षा ती जास्त हवीत.

कुबरनेटिस या क्लाउड क्षेत्रातील प्रकल्पात पायऱ्यांची शिडी आहे. आधी सदस्य, मग तपासनीस, मग मान्यता देणारा. सदस्य होण्यासाठीही आधीच्या दोघांची शिफारस लागते. तिथे ‘कोड बरोबर आहे’ आणि ‘हा कोड प्रकल्पात यावा’ या दोन वेगळ्या मान्यता आहेत. पहिली तांत्रिक, दुसरी जबाबदारीची.

पायथन भाषेचे निर्माते खिदो फान रोसम यांनी जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णयाची सूत्रे खाली ठेवली. त्यानंतर प्रकल्पाने निवडून आलेल्या पाच जणांच्या सुकाणू परिषदेची पद्धत स्वीकारली. एका माणसाच्या शब्दावर चालणारा प्रकल्प तो माणूस बाजूला झाल्यावर कसा चालेल, याचे उत्तर आधीच लिहून ठेवणे किती आवश्यक आहे, हे यातून दिसते.

तपासणी होऊनही चूक सुटते का?

सुटते. सर्वात गाजलेले उदाहरण ‘हार्टब्लीड’चे. इंटरनेटवरील व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या प्रकल्पात २०११ च्या अखेरीस एक नवी सुविधा जोडली गेली. समोरच्याने ‘इतकी माहिती परत पाठव’ असे सांगितले, तर तेवढी माहिती मुळात आली होती का, हे पडताळणारी अट तिच्यात राहून गेली होती. लिहिणाऱ्याच्या ते लक्षात आले नाही आणि तपासणाऱ्याच्याही नाही. मार्च २०१२ मधील आवृत्तीसोबत ही चूक जगभर पसरली आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. मधल्या दोन वर्षांत सर्व्हरच्या स्मृतीतून पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या बाहेर काढणे शक्य होते.

त्यानंतर समोर आलेले चित्र अधिक अस्वस्थ करणारे होते. जगातील मोठ्या कंपन्या ज्यावर विसंबून होत्या, तो प्रकल्प मूठभर लोक तुटपुंज्या देणग्यांवर चालवत होते. पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक. ‘पुष्कळ डोळे पाहत असतील तर चुका लपत नाहीत’ हे ओपन सोर्सचे आवडते सूत्र. पण कोड सर्वांसाठी खुला असणे आणि तो प्रत्यक्षात कोणीतरी वाचणे, यात फरक असतो. आज ओपनएसएसएलमध्ये बदल स्वीकारण्यासाठी एकाहून अधिक अधिकृत सदस्यांची मान्यता आवश्यक असते.

विद्यापीठावरच बंदी का आली होती?

एप्रिल २०२१ मध्ये लिनक्सचे ज्येष्ठ मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातून येणारे बदल स्वीकारणे थांबवले. तेथील संशोधकांनी एका अभ्यासासाठी, वरवर उपयुक्त दिसणारे पण आत दोष असलेले पॅच मुद्दाम पाठवले होते. तपासणीतून असा कोड निसटू शकतो का, हे त्यांना पाहायचे होते. मात्र ज्यांच्यावर हा प्रयोग झाला, त्या मेंटेनरना त्याची कल्पना नव्हती.

प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या रास्त असला तरी पद्धत वादग्रस्त ठरली. संशोधकांनी माफी मागितली, शोधनिबंध मागे घेतला. पण त्या विद्यापीठातून आधी आलेले, चांगल्या हेतूने पाठवलेलेही शेकडो बदल मेंटेनरना पुन्हा तपासावे लागले. तपासणारा माणूस दरवेळी समोरच्याच्या हेतूवर संशय घेऊ शकत नाही. तसे केले तर काम ठप्प होईल. त्यामुळे एकदा विश्वास तुटला की त्याची किंमत प्रामाणिक लोकांनाही मोजावी लागते.

टी-शर्टसाठी प्रस्तावांचा पूर कसा आला?

डिजिटलओशन ही कंपनी दर ऑक्टोबरमध्ये ‘हॅकटोबरफेस्ट’ हा उपक्रम घेते. २०२० मध्ये चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला मोफत टी-शर्ट मिळत होता. परिणामी ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच असंख्य प्रकल्पांत निरर्थक प्रस्तावांचा पाऊस पडला. कोणी माहितीच्या फाइलमध्ये ‘छान प्रकल्प’ असे शब्द घातले, कोणी एखादे विशेषण वाढवले. मेंटेनर वैतागले. शेवटी आयोजकांनी नियम बदलला. ज्या प्रकल्पांनी स्वतः सहभागाची तयारी दाखवली आहे, तेथीलच प्रस्ताव मोजले जातील, असे ठरले.

यात भारताचाही संबंध होता. पुल रिक्वेस्ट कशी पाठवायची, हे शिकवणाऱ्या एका लोकप्रिय भारतीय यूट्यूब वाहिनीवरील चित्रफीत पाहून अनेकांनी त्यातील उदाहरण जसेच्या तसे गिरवले. २०२४ च्या सुरुवातीलाही तसेच घडले. एका भारतीय शिकवणी वाहिनीच्या चित्रफितीनंतर ‘एक्स्प्रेस’ या प्रसिद्ध वेब प्रकल्पात, माहितीच्या फाइलमध्ये स्वतःचे नाव घालणाऱ्या प्रस्तावांची रांग लागली. विद्यार्थ्यांचा हेतू वाईट नव्हता. नोकरीच्या अर्जात ‘ओपन सोर्स योगदान’ दाखवावे लागते, हे त्यांना सांगितले गेले होते. ते योगदान म्हणजे काय, हे कोणी सांगितले नव्हते.

गिटहबच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२८ पर्यंत या मंचावरील विकासकांची सर्वाधिक संख्या भारतात असेल. तेव्हा येथील नवोदितांच्या सवयींचा परिणाम जगभरातील मेंटेनरांवर होणार, हे उघड आहे.

एआयमुळे नियम का बदलत आहेत?

पूर्वी एखादा बदल लिहायला जेवढा वेळ लागे, त्याच्या काही अंशातच तो तपासून होई. एआय साधनांनी हे गणित उलटे केले. आता दिसायला नीटनेटका प्रस्ताव मिनिटभरात तयार होतो, पण तो चुकीचा आहे हे सिद्ध करायला जाणकाराचा तासभर जातो.

‘कर्ल’ हे इंटरनेटवरून माहिती आणण्याचे साधन अब्जावधी उपकरणांत आहे. सुरक्षेतील त्रुटी दाखवणाऱ्यांना हा प्रकल्प २०१९ पासून रोख बक्षीस देत असे. पण एआयने रचलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या त्रुटींचे अहवाल इतके वाढले की प्रकल्पाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२५ मध्ये असे अहवाल पाठवणाऱ्यांवर थेट बंदी घालण्याची भूमिका घेतली. जानेवारी २०२६ मध्ये तर रोख बक्षीसच बंद करण्याचा निर्णय झाला.

प्रत्येक प्रकल्पाचे उत्तर वेगळे आहे. जेंटू लिनक्सने एप्रिल २०२४ मध्ये एआयनिर्मित योगदानावर बंदी घातली. नेटबीएसडीने पुढच्याच महिन्यात अशा कोडला पूर्वपरवानगीशिवाय मज्जाव केला. क्यूईएमयू प्रकल्पाने २०२५ मध्ये असे योगदान न घेण्याचे धोरण जाहीर केले. ‘हा कोड देण्याचा मला अधिकार आहे’ अशी सही एआयने लिहिलेल्या कोडवर कोण कशाच्या आधारे करणार, हा त्यांचा प्रश्न आहे. फेडोराने ऑक्टोबर २०२५ मध्ये मधला मार्ग निवडला. एआयची मदत घ्या, पण तसे नमूद करा, आणि कोडची पूर्ण जबाबदारी माणसाचीच राहील. नियम वेगवेगळे असले तरी एका मुद्द्यावर सर्वांचे एकमत दिसते. जो बदल आपल्याला समजावून सांगता येत नाही, तो पाठवू नये.

नवा प्रकल्प सुरू करताना नियम कसे ठरवावेत?

सर्वात मोठी चूक म्हणजे लिनक्सची नियमावली उचलून तीन जणांच्या प्रकल्पाला चिकटवणे. नियम प्रकल्पाच्या आकाराला आणि जोखमीला साजेसे हवेत. हौशी खेळाच्या अॅपला आणि पैशांचे व्यवहार करणाऱ्या सॉफ्टवेअरला एकच मापदंड लावता येत नाही.

तरी काही गोष्टी लहान प्रकल्पानेही पहिल्या दिवसापासून कराव्यात. प्रकल्प कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे एका परिच्छेदात लिहावे. त्यामुळे नको असलेल्या सुविधांचे प्रस्ताव नम्रपणे नाकारता येतात. मोठा बदल करण्याआधी चर्चा करावी, असे स्पष्ट सांगावे. अन्यथा कोणी तीन आठवडे खपून काम करतो आणि ते नाकारल्यावर कटुता येते. मुख्य शाखेत कोणालाही, अगदी संस्थापकालाही, थेट कोड टाकता येणार नाही, अशी व्यवस्था गिटहब आणि गिटलॅबवर करता येते. संवेदनशील फाइलसाठी ठरावीक व्यक्तींची मान्यता बंधनकारक करण्याचीही सोय आहे.

तपासणाऱ्यांसाठीही नियम हवेत. गुगलने जाहीर केलेल्या आपल्या अंतर्गत मार्गदर्शिकेत म्हटले आहे की प्रस्तावाला कामकाजाच्या एका दिवसात तरी प्रतिसाद द्यावा, आणि बदलामुळे कोड निश्चितपणे सुधारत असेल तर तो परिपूर्ण नसला तरी मान्य करावा. स्वयंसेवकांच्या प्रकल्पाला एक दिवस जमणार नाही. पण ‘उत्तराला दोन आठवडे लागू शकतात’ एवढे लिहून ठेवले तरी पाठवणारा निश्चिंत होतो. कोणती सूचना पाळलीच पाहिजे आणि कोणती ऐच्छिक, हेही शेरा देतानाच सांगावे.

आणि एक्सझेडचा धडा: तपासणी रिपॉझिटरीपाशी थांबता कामा नये. त्या प्रकरणात घातक भाग चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या, न वाचता येणाऱ्या फाइलींत होता. त्याला जागे करणारा तुकडा तर रिपॉझिटरीत नव्हताच. तो फक्त वितरणासाठी तयार केलेल्या गठ्ठ्यात होता. म्हणून प्रसिद्ध होणारी आवृत्ती रिपॉझिटरीतील कोडपासूनच तयार झाली आहे, हे कोणालाही पडताळता यावे. न वाचता येणारी फाइल स्वीकारताना ती कशी तयार केली, हे सांगणे सक्तीचे असावे. आणि अधिकार जसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, तसे वर्षानुवर्षे निष्क्रिय असलेल्यांकडून ते परतही घ्यावेत.

नियमांनी सगळे प्रश्न सुटतील?

नाही. दोघांची मान्यता हवी, हा नियम चांगला. पण प्रकल्पात माणूसच एक असेल तर? एक्सझेडमध्ये नेमकी हीच अडचण होती. थकलेल्या माणसाला मदतीचा हात हवा होता, आणि पुढे आलेला हात चोराचा निघाला. तपासणी हे श्रमाचे, कंटाळवाणे आणि अदृश्य काम आहे. नवी सुविधा लिहिणाऱ्याचे कौतुक होते, पण ‘हे घेऊ नका’ म्हणून संकट टाळणाऱ्याचे नाव कोणाला कळत नाही.

म्हणूनच पैशांचा प्रश्न पुढे येतो. हार्टब्लीडनंतर लिनक्स फाउंडेशनने महत्त्वाच्या प्रकल्पांसाठी निधी उभारला. जर्मनीने २०२२ मध्ये सरकारी पैशातून सॉव्हरिन टेक फंड सुरू केला. भारतात झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. गरजेच्या तुलनेत ही रक्कम लहान आहे, पण फुकट मिळते ते फुकट तयार होत नाही, ही जाणीव रुजते आहे.

मराठी तरुणांना यात कुठून सुरुवात करता येईल?

कोडच लिहिला पाहिजे असे नाही. फायरफॉक्सचे मराठीकरण पॉन्टून या मंचावर चालते. तिथे नवोदिताने सुचवलेला मराठी शब्द आधी ‘सूचना’ म्हणून नोंदला जातो आणि जबाबदार अनुवादकाने मान्य केल्यावरच स्वीकारला जातो. कोड रिव्ह्यूचीच ही भाषिक आवृत्ती. मुंबईतील एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यावर आहेत. मुंबईच्याच फ्रापे कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही व्यवसाय व्यवस्थापनाची प्रणाली ओपन सोर्स असून तिचे सगळे प्रस्ताव आणि त्यांवरील चर्चा कोणालाही वाचता येतात.

कोणत्याही प्रकल्पात उतरण्यापूर्वी नियमावली वाचावी आणि आधी मान्य व नामंजूर झालेले पाच-दहा प्रस्ताव चाळावेत. कोणत्या शेऱ्यावर काय दुरुस्ती झाली, हे त्यातून कळते. स्वतः वापरत असलेल्या सॉफ्टवेअरमधली, स्वतःला खटकलेली एखादी लहान त्रुटी निवडावी. ती कशी घडवून आणता येते हे नीट लिहून पाठवणे हेदेखील मोलाचे योगदान असते. आणि ‘बदल आवश्यक’ असा शेरा आला तर तो अपमान समजू नये. कोणीतरी वेळ काढून आपला कोड ओळीने वाचला, असा त्याचा अर्थ. ओपन सोर्समध्ये सर्वात दुर्मीळ असते ते तेच.